फोटोमागचे मेजर

पुतळा तयार झाला होता. फक्त चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी आला होता.

बार्शीच्या मूर्तिकारानं पाठवलेला फोटो युवराजनं मोबाईलवर मोठा करून सगळ्यांपुढं धरला. पितळी रंगाचे, सात फुटी मेजर म्हाळाप्पा एक बूट दगडावर टेकवून, संगीन लावलेली बंदूक पुढं रोखून उभे होते. छाती भरदार, मिशा झुपकेदार. महारुद्र आप्पांनी वडिलांच्या पुतळ्याकडं डोळे भरून पाहिलं. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, नागूबाईंनी, चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "ह्यो कोन म्हनायचा?"

"आबा हैत की, आत्या," आप्पांचा मुलगा युवराज म्हणाला.

"मिशा आबाच्या हैत. बाकी समदा परका मानूस हाय."

अनावरण मंगळवारी होतं आणि आज शनिवार. मूर्तिकार म्हणाला, चेहरा बदलून देतो, पण फोटो स्वच्छ पाठवा. फोटो एकच होता. बैठकीत दारासमोर टांगलेला, खाकी गणवेशात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या तरण्या म्हाळाप्पांचा. काचेवर धूर आणि धूळ बसून त्यातही मिशाच तेवढ्या उरल्या होत्या.

"काच काढून स्कॅन करावा लागेल," ज्ञानेश्वरी म्हणाली. ती महारुद्र आप्पांच्या धाकट्या भावाची, कुमारची मुलगी. लोहाऱ्याला शाळेत शिकवायची आणि समारंभासाठी सुट्टी काढून आली होती. घरात स्कॅन हा शब्द बिनचूक उच्चारणारी ती एकटीच, त्यामुळं काम तिच्याकडं आलं.

म्हाळाप्पांना लष्करानं मेजर कधीच केलं नव्हतं. ते काम गावानं केलं. महायुद्ध संपल्यावर ते बार्शीला लहान रेल्वेतून उतरले आणि खाकी कोट घालून चालत गावात शिरले, तेव्हा लोकांनी पारावर घेरून विचारलं, किती जर्मन मारले? म्हाळाप्पा गप्प राहिले. इतका गप्प राहतो म्हणजे पुष्कळच मारले असणार, असं लोकांनी ठरवलं. आकडा दर सणाला वाढत गेला आणि महारुद्र आप्पांनी शाळेतल्या एका भाषणात तो सतरावर पक्का केला. निमंत्रणपत्रिकेवर आता तोच छापला होता. त्याखाली युवराजचा फोटो होता, मेजरांच्या फोटोपेक्षा थोडा मोठा. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आली होती.

ज्ञानेश्वरीनं तसबीर मांडीवर पालथी घातली. मागचा पुठ्ठा बारीक खिळ्यांनी ठोकलेला. खिळे उपसून तिनं पुठ्ठा उचलला, तर खाली पिवळा पडलेला उर्दू वर्तमानपत्राचा कागद निघाला आणि त्यात गुंडाळलेले आणखी तीन फोटो.

पहिल्यात काटेरी तारेच्या कुंपणापाशी दहा-बारा हिंदुस्थानी माणसं उकिडवी बसली होती. अंगात ढगळ कोट, पाठीमागं लाकडी बराकी. डावीकडून तिसरे आबा. मिशा नव्हत्या, पण कान तेच.

दुसऱ्यात एका दगडी घराच्या उंबऱ्यावर एक गोरा म्हातारा, एक गोरी म्हातारी आणि मधोमध आबा. म्हातारीनं आबांच्या दंडाला धरलं होतं, यात्रेत हरवेल म्हणून पोराला धरतात तसं.

तिसरा फोटो बघून ज्ञानेश्वरी कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. डोंगराचा उतार. पांढऱ्या मेंढ्यांचा कळप. मधे टोपी आणि ठिगळाचा कोट घातलेले आबा, हातात काठी, काखेत कोकरू. आबा हसत होते. दात दिसतील इतकं मोकळं. ती बारा वर्षांची होईपर्यंत आबा हयात होते आणि तिनं त्यांना असं हसताना एकदाही पाहिलं नव्हतं.

"अण्णा," तिनं वडिलांना हाक मारली, "जरा इकडं या."

कुमार अंगणात घोंगडी झटकत होता. हाकेसरशी तो आला, आणि त्याच्या मागोमाग न बोलावता सगळे आले.

*

फोटोंच्या पाठीवर शिक्के होते. ज्ञानेश्वरीनं त्यावर मोबाईल धरला. कुंपणाच्या फोटोवरच्या शिक्क्याचा अर्थ निघाला, 'युद्धकैद्यांची छावणी'. मेंढ्यांच्या फोटोवर इटलीतल्या कुठल्याशा डोंगरातल्या गावाचं नाव होतं आणि १९४४ साल.

"कैदी?" महारुद्र आप्पा म्हणाले. ते एसटीत कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते आणि अजूनही एखादी गोष्ट नामंजूर असली की स्टँडवरच्या आवाजात बोलायचे. "ह्ये बाबा न्हवंच. पलटणीत सारखी दिसनारी पुष्कळ मानसं असत्यात."

"कान बग की," नागूबाई म्हणाल्या. "असं कान आपल्या घराबाहेर कुणाला न्हाय."

आप्पांच्या पत्नीला, सिताबाईंना, छावणीत रस नव्हता. त्यांनी उंबऱ्याचा फोटो उजेडाला नेला होता. "आन ही कोन? हात धरलाय बगा कसा. म्या म्हनते, तिकडं बी एक घर मांडलं हुतं का काय मामंजींनी?"

"मोठ्याई, ती सत्तर वर्षांची आहे."

"आसंना. लेक आसंल तिची आत. फोटोत समदीच येत्यात का?"

घटकाभर घरात मेजरांच्या इटालियन संसाराचीच चर्चा झाली. युवराज म्हणाला, तिकडून कुणी वारस निघाला तर आत्ताच कळलेलं बरं. फोटोतल्या म्हातारीला एकही दात नाही, हे नागूबाईंनी दाखवून दिल्यावर तो विषय मिटला. सिताबाईंची मात्र थोडी निराशा झाल्यासारखी दिसली.

 भावंडांत मेंढ्या कुमारच्या वाट्याला आल्या होत्या. आल्या म्हणजे, बाकी कुणी घेतल्या नव्हत्या. मेजराच्या थोरल्या मुलानं मेंढ्या राखणं बरं दिसत नाही म्हणून महारुद्र शिकला, नोकरीला लागला, आणि पुढं चाळीस वर्षं दर दिवाळीला धाकट्याला ऐकवत राहिला, बाप जर्मनाशी लढला आन तू मेंढरामागं जन्म घातलास.

कुमार मेंढ्यांचा फोटो हातात घेऊन बघत होता. "पांढरी फेक जात हाय. आपल्यावानी काळी न्हाय," तो म्हणाला. "पर कोकरू धरलंय बरोबर. मागचं पाय मोकळं सोडून."

"अण्णा," ज्ञानेश्वरीनं एकदम विचारलं, "तुम्ही सांजेला मेंढ्यांना काय म्हणून हाक मारता?"

"आता ह्ये काय मधीच?"

"म्हणा की."

कुमार ओशाळला. मग फोटोकडं बघतच, हलक्या आवाजात म्हणाला, "पेकोऽऽरे. पेकोरे, पेकोरे."

ही हाक पंचक्रोशीत दुसरा कुणी मेंढपाळ वापरत नसे. मेजरांनी ती लावली होती आणि घरात सगळे समजत होते की तो पलटणीतला हुकूम आहे. महारुद्र आप्पांनी तर शाळेतल्या त्याच भाषणात तिला 'रणगर्जना' म्हटलं होतं.

ज्ञानेश्वरीनं मोबाईल पुढं केला. "इटलीत मेंढ्यांना हेच म्हणतात. पेकोरे. म्हणजे मेंढ्या. दुसरं काही नाही."

 बाहेर वाघुरीत, म्हणजे मेंढ्यांच्या जाळीच्या कुंपणात, गडबड उडाली होती. कुमारची हाक ऐकून दोनशे मेंढ्या उठून जाळीला येऊन लागल्या होत्या.

*

मग जे उलगडलं ते नागूबाईंच्या आठवणींतून आणि ज्ञानेश्वरीच्या मोबाईलमधून, थोडं इकडून थोडं तिकडून. म्हाळाप्पा मेंढ्यांना कंटाळून घरातून पळाले आणि पलटणीत खेचरं हाकायला होते, हे नागूबाईंना आईनं सांगितलेलं. आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांच्यासारखे हजारो लोक एकदम पकडले गेले आणि इटलीला नेले गेले. पुढं इटलीनं हत्यार टाकलं तेव्हा छावण्यांचे पहारे उठले, कैदी डोंगरात पळाले, आणि मागावर जर्मन आले. ज्यांना कुणी घरात घेतलं ते जगले.

"पर मामंजींना कुणी का घेतलं आसंल?" सिताबाईंनी विचारलं. "ना भाषा, ना जात."

"मेंढरं राखाया येत हुती की," कुमार म्हणाला. त्याला हे इतकं उघड वाटत होतं की तो चेष्टा करत नव्हता.

म्हणजे म्हाळाप्पा मेंढ्यांना कंटाळून पलटणीत पळाले, सातासमुद्रापार गेले, आणि तिथं जाऊन मेंढ्याच राखल्या. आणि त्या राखता येत होत्या म्हणूनच परत आले.

युवराजनं तोपर्यंत तसबिरीतला मूळ फोटो मोबाईलमध्ये घेतला होता. तो मोठा करून बघताना त्याचा चेहरा उतरला. "आप्पा, ह्या बंदुकीच्या नळीला भोकच न्हाय."

सगळ्यांनी पाहिलं. नळी टोकाला बंद होती. रंगाचा एक टवका उडून खाली लाकूड दिसत होतं. मागं फोटोवर बार्शीच्या जुन्या स्टुडिओचा शिक्का होता. बंदूक स्टुडिओची होती, पाठीमागचा डोंगरही स्टुडिओचाच.

"हे सगळं परत आत घाला," युवराज म्हणाला. "पुठ्ठा ठोका. विरोधकांना कळलं की आबा कैदेत हुते, तर मंगळवारी मला तोंड दाखवता येनार न्हाय. माजी सभापती येनार हैत. त्यांचं भाषण सुद्धा म्याच लिहून दिलंय."

"ठोक," कुमार म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. मेंढपाळ बाप मिळाला म्हणून घरात कुणाला आनंद व्हायचा तर तो कुमारलाच, असं प्रत्येकानं गृहीत धरलं होतं.

"ठोक म्हनतो ना. पुतळा हाय तसा बशीव. जलमभर मेंढरामागं फिरलो. लोकाच्या रानात वाघूर लावली, शिव्या खाल्ल्या. पर कुणी म्हनायचं, मेजरसाबाचं पोरगं हाय, पानी द्या त्येला. माज्याकडं तेवढंच हुतं. ते बी आज काडून घेता?"

घोंगडी खांद्यावर टाकून तो निघून गेला. ज्ञानेश्वरी उठली, पण नागूबाईंनी तिला हातानं खाली बसवलं.

महारुद्र आप्पा खुर्चीत बसून होते. त्यांच्या हातात हसणाऱ्या बापाचा फोटो होता.

"आक्का," ते म्हणाले, "एकाहत्तरला म्या भरतीला सोलापूरला गेलो हुतो. आठवतं?"

"न आठवाया काय झालं? छाती कमी भरली तुजी."

"रडत घरी आलो. बाबानं मला एक शब्द इचारला न्हाय. कळपातला सगळ्यात देखना मेंढा सोडला, कापला, आन आख्खी आळी जेवाया घातली. लोक इचारत हुते, कशाचं जेवन? बाबा म्हनायचा, असंच. म्या जेवलो न्हाय. बाप आपल्या फजितीचं जेवन घालतो, असं वाटलं. त्यानंतर म्या त्येच्याशी कधी धड बोललोच न्हाय, आक्का."

नागूबाई भावाकडं वळल्या. "त्या दिशी बाबानं स्वता मटान वाडलं हुतं," त्या म्हणाल्या. "एकेकाला आग्रेव करून. आई म्हनली, ह्येला झालंय तरी काय. पोरगं घरी ऱ्हायलं म्हनून झालं हुतं, दुसरं काय."

आप्पांनी फोटो उलटा करून मांडीवर ठेवला. मग कंट्रोलरच्या आवाजात म्हणाले, "युवराज, बार्शीला फोन लाव. बंदूक काडायची."

*

युवराज फोन घेऊन अंगणात गेला तो बापाचं डोकं फिरलंय अशा समजुतीनं. मूर्तिकारानं सांगितलं, बंदूक कापता येईल, तिथं काठी बसवता येईल, उभं राहण्याची ढब मात्र आता बदलणार नाही. युवराज विचार करतो म्हणाला आणि खरोखरच विचार करू लागला. आपल्या गणात मतं टाकणारी माजी सैनिकांची घरं किती? हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. मेंढरंवाल्यांची किती? तो जोत्यावर बसला, पुन्हा उठला. पाच मिनिटांनी आत आला तेव्हा त्याचा आवाज गहिवरलेला होता.

"आप्पा, तुमचंच बरोबर हाय. शेवटी सत्य म्हणून काही असतं का न्हाय? आबा आधी आपल्या समाजाचे, मग लष्कराचे. काठीच पाहिजे. कोकरू पण बसतं का विचारतो."

सत्याला इतक्या झपाट्यानं पाठिंबा मिळाल्यामुळं महारुद्र आप्पा थोडे साशंक झाले. पण राजी नसलेला माणूस आता दुसरा होता, आणि तो वाघुरीपाशी होता. आप्पा चपला घालून निघाले. चाळीस वर्षांत ते तिकडं फिरकले नव्हते.

कुमार जाळीचे खुंट ठोकत होता. आप्पा जवळ जाऊन उभे राहिले. लेंड्यांत पाय पडला, पण त्यांनी तो काढला नाही.

"कुमार, तू बाबाचं काम चालवलंस. म्या नुसता बाबाचा फोटो चालवला."

कुमारनं खुंटावर आणखी दोन घाव घातले.

"लोक पानी द्यायचं बंद करनार न्हायती," आप्पा म्हणाले. "आन केलंच, तर म्या घेऊन येईन."

"तुमी? बाटलीतलं आनाल दादा."

 कुमारनं हत्यार खाली ठेवलं, कपाळ पुसलं आणि मग बराच वेळ मनात घोळत असल्यासारखं म्हणाला, "पुतळ्याच्या कंच्या हातात देनार काठी?"

"बंदूक उजव्यात हाय. उजव्यातच बसंल."

"फोटोत डाव्यात हाय. बाबा डावराच हुता. करायचं तर नीट करा, न्हायतर नगा करू."

*

नीट झालं नाही. मंगळवारी पडदा दूर झाला तेव्हा मेजर म्हाळाप्पा लष्करी बूट घालून, डोळे वटारून, उजव्या हातातली काठी संगिनीसारखी पुढं खुपसत उभे होते, जणू एखाद्या चुकार मेंढीवर चालून निघाले आहेत. पायाशी एक कोकरू होतं. मूर्तिकाराकडं ते दुसऱ्या कुठल्या तरी कामातून शिल्लक होतं आणि त्याचा रंग सोनेरी होता. चेहरा मात्र आबांचाच आला होता. नागूबाईंनी कानांकडं पाहून मान डोलवली.

माजी सभापतींना बदल कुणी सांगितला नव्हता, किंवा सांगितला असेल तर त्यांनी ऐकला नव्हता. त्यांनी खिशातला कागद काढला आणि सतरा जर्मन एकेक करून लोळवले. लोक काठीकडं आणि कोकराकडं बघत ऐकत होते. टाळ्या वाजल्या.

आभार मानायला महारुद्र आप्पा उठले. ध्वनिक्षेपक हातात घेऊन जरा वेळ ते पुतळ्याकडंच बघत राहिले. खाली पहिल्या रांगेत कुमार बसला होता, नवा पटका बांधून, मान खाली घालून.

"सभापतीसायबांनी सांगितलं ते माज्यामुळं सांगितलं," आप्पा म्हणाले. "सतरा ह्यो आकडा माजा हाय. बाबानं एक बी जर्मन मारला न्हाय. बाबा पकडला गेला हुता. कैदेत हुता. तिथनं पळाला, आन डोंगरात एका म्हाताऱ्या-म्हातारीनं त्येला घरात घेतलं. त्येंची मेंढरं राखून बाबा जगला. जर्मन रस्त्यानं जायचे, आन बाबा त्येंच्याच कपड्यात, त्येंच्याच भाषेत मेंढरं हाकत बाजूनं जायचा. एवढंच हाय. माजा बाप मेंढपाळ हुता, आन हे माजे धाकटे बंधू बी मेंढपाळ हैत. त्येंच्या हातनं आज हार घालायचा हाय."

 युवराजनं डोळे मिटून घेतले. कुमार पटका सावरत उठला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून ढोकीच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले शंभुलिंग मास्तर उभे राहिले. कारखान्याच्या शाळेत त्यांनी इतिहास शिकवला होता. "थांबा थांबा, आप्पा," ते म्हणाले. "वेश बदलला, भाषा शिकले, जर्मनांच्या हालचाली जवळून पाहिल्या, आणि परत येऊन कुणाला अक्षर सांगितलं नाही. अहो, म्हणजे मेजरसाब गुप्तहेर होते!"

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला तसा सतरा जर्मनांच्या वाट्यालासुद्धा आला नव्हता. कुणीतरी घोषणा दिली. सभापतींनी आप्पांच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला आणि आपल्याला याची पूर्वीपासून कल्पना होती, पण देशहितासाठी मौन पाळलं होतं, असं सांगितलं.

"न्हाय हो, ऐका तर," आप्पा ओरडत होते. "गुप्तहेर न्हाय, नुसती मेंढरं!" लोक हसून माना डोलवत होते. बापासारखाच पोरगाही पोटातलं सांगत नाही, याचं त्यांना कौतुक वाटत होतं.

कुमार पुतळ्याच्या चौथऱ्यावर चढला. हार घालायला त्याला हात पुरेना, तेव्हा आप्पाही वर चढले आणि दोघांनी मिळून घातला. खाली उतरताना कुमारनं भावाचा दंड धरला होता. आप्पा अजून पुटपुटत होते, "खरं सांगितलं तर त्येचं बी ह्ये असं."

"जाऊ द्या दादा," कुमार म्हणाला. तो हसत होता, दात दिसतील इतकं. ज्ञानेश्वरीनं मोबाईल वर धरला, पण फोटो काढायचं विसरून ती नुसतीच बघत राहिली.

जेवणाच्या पंगतीत युवराजच्या मोबाईलवर अभिनंदनाचे निरोप येऊन पडत होते. नागूबाई भावाच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी घास हातात तसाच धरून विचारलं, "महारुद्रा, गुप्तहेर म्हंजी काय रं?"

"परक्या मुलखात दुसऱ्याच्या कपड्यात ऱ्हातो, समदं बघतो, आन घरी येऊन जलमभर कुणाला काय सांगत न्हाय, त्यो."

नागूबाईंनी थोडा वेळ विचार केला.

"मग लोक खोटं काय बोलले?" त्या म्हणाल्या, आणि घास तोंडात घातला.